जिभाऊंचं गवत कापायचं मशीन: वर्षानुवर्षं उभं राहिलेलं इंजिन पुन्हा सुरू करताना

धुळ्याला देवपूरमध्ये आमच्या शेजारी जिभाऊ राहतात. घरापुढे गुंठाभर मोकळी जागा, त्यात हरळी. मुलगा इथे होता तेव्हा त्यानं हौसेनं त्या हरळीचं लॉन केलं आणि २०१९ साली पेट्रोलवर चालणारं लॉन मोव्हर घेतलं. दोन पावसाळे ते चाललं. मग मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि मशीन जिन्याखाली गेलं. यंदा कानबाईचे रोट, म्हणजे आमच्या खानदेशातला श्रावणातला सण, जिभाऊंच्या घरी. भाऊबंदकीतली चाळीस-पन्नास माणसं येणार, आणि गवत तर गुडघ्याच्या वर. एका सकाळी बघतो तर जिभाऊ भंगारवाल्याला फाटकाशी थांबवून उभे.

"चार-पाच वरीसपासून पडेल शे भो. भंगारमा टाकी देस."

मी म्हटलं, "जिभाऊ, एक रविवार द्या मला. नाही झालं तर याच भाऊला परत बोलावू."

एकाचे दोन रविवार झाले, पण मशीन सुरू झालं. ते कसं झालं आणि माझा अर्धा दिवस कुठे वाया गेला, हे सगळं सांगतो. ज्यांनी आयुष्यात कधी इंजिन उघडलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. लॉन मोव्हर आपल्याकडे दहा घरांत एकाकडेही नसतं, पण तेच फोर स्ट्रोक इंजिन पॉवर वीडरवर असतं, पाण्याच्या पंपावर असतं, फवारणीच्या एचटीपी पंपावर असतं. फरक एवढाच की मोव्हरचं इंजिन आडवं झोपवलेलं असतं, म्हणजे त्याची शाफ्ट खाली जमिनीकडे जाते आणि तिच्या टोकाला पातं असतं.

आधी विचारा, मग पाना उचला

मशीन बंद कसं पडलं, हे मालकाला विचारा. चालता चालता हळूहळू दम तोडला असेल तर पेट्रोल, कचरा किंवा एअर फिल्टर. चांगलं चालत होतं, ठेवून दिलं आणि नंतर सुरूच झालं नाही, तर नव्वद टक्के वेळा शिळं पेट्रोल. खाडकन आवाज होऊन जागेवर थांबलं असेल तर पातं कशावर तरी आपटलंय, आणि मग शोध वेगळ्याच ठिकाणी घ्यावा लागतो.

जिभाऊ म्हणाले, "काही नाही झालं. बंद केलं ते बंदच राहिलं." मी विश्वास ठेवला. वडीलधाऱ्या माणसाला उलटतपासणी कशी करायची?

दुसरं काम, स्पार्क प्लगची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या प्लगची, टोपी ओढून काढा. प्लगवरची ती काळी रबरी टोपी आणि तिची वायर बाजूला करून ठेवल्याशिवाय मोव्हर आडवं करायचं नाही, पात्याला हात लावायचा नाही. इंजिनात जुनं पेट्रोल शिल्लक असलं आणि हातानं पातं फिरवलं तरी एखादा फटका बसू शकतो, आणि तेवढ्यात बोटं जातात. काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीलगत पसरते, त्यामुळे शेजारी चूल, बंब, विडी काही नको. आणि इंजिन कधीही बंद खोलीत किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात सुरू करू नका. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मशीन आडवं करताना प्लग आणि एअर फिल्टर असलेली बाजू वर राहू द्या. उलट्या बाजूनं झोपवलंत की तेल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरतं, आणि मग पुढचा तासभर पांढरा धूर.

नुसत्या डोळ्यांनी अर्धा तास

पाना न लावता आधी नीट बघा. उभ्या मशिनाचे खरे शत्रू माणसं नसतात, बिऱ्हाड करणारे जीव असतात. जिभाऊंच्या मशिनाचं वरचं झाकण काढलं तर आत उंदरानं कापसाची सरकी, चिंध्या आणि घरातल्या मावशींच्या पातळाचा एक तुकडा आणून सुबक घरटं केलेलं. इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पात्या त्यात पूर्ण बुजलेल्या. हे तसंच ठेवून सुरू केलं असतं तर धुळ्याच्या उन्हात दहा मिनिटांत इंजिन तापून गेलं असतं. सायलेन्सरच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. ते तारेनं कोरून काढलं. सायलेन्सर तुंबला असेल तर इंजिन श्वासच टाकू शकत नाही, आणि तुम्ही मात्र कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, खोलत बसता.

उंदरानं वायरी कुरतडल्यात का, पेट्रोलची रबरी नळी चिरली आहे का, तेही बघा. नळी दुमडल्यावर बारीक भेगा दिसल्या तर सरळ बदला. मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ती मीटरवर मिळते. जुनी नळी काढताना ओढू नका, गोल फिरवून सैल करा.

मग तेलाची पट्टी बघा. मशीन सपाट जागेवर हवं. तेल डांबरासारखं काळं असेल तर काढायचंच आहे. पण पट्टीवर तेल खुणेच्या वर चढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल झिरपून तेलात मिसळलंय. अशा पातळ तेलावर इंजिन एक मिनिटही चालवू नका.

आता दोरी हळू ओढा. दगडासारखी अडली तर जोर लावू नका. प्लग काढा, त्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी दोरीपेक्षा पात्याकडून, जाड हातमोजा घालून, थोडं मागे-पुढे करा. पुन्हा अडलं तर आणखी एक रात्र. माझ्या अनुभवात घाईपेक्षा तेलाला जास्त कळतं. जिभाऊंची दोरी मात्र सुरळीत ओढली गेली, स्प्रिंगही जिवंत होती.

शिळं पेट्रोल

इंजिन चालून जेवढं खराब होत नाही तेवढं उभं राहून होतं, आणि त्यातला मोठा वाटा पेट्रोलचा. पेट्रोल महिना-दोन महिन्यांत शिळं व्हायला लागतं. हलका भाग उडून जातो, मागे उरतो तो चिकट, पिवळट राप. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी महिनोन्‌महिने ठेवली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाला बसतात. इंजिनाला पेट्रोल मिळतं ते तळातूनच, म्हणजे पहिला घोट पाण्याचा. जुन्या मशिनांची रबरं आणि कार्बोरेटरचे पातळ धातूचे भाग या मिश्रणासाठी बनवलेलेही नसतात, ते फुगतात किंवा पांढरी बुरशी धरल्यासारखे गंजतात.

टाकीतलं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि पंधरा मिनिटं ठेवून उजेडात धरा. ताजं पेट्रोल हलकं, झणझणीत वासाचं असतं. जिभाऊंच्या टाकीतून निघालं ते बिनदुधाच्या चहासारखं, वास जुन्या वार्निशचा, आणि तळाला बोटभर वेगळा थर. "हे गाडीत टाकून देऊ का?" असं जिभाऊंनी विचारलं. नको. विहिरीजवळ, नालीत, बांधावरही ओतू नका. मी ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे दिलं.

टाकी थोड्या ताज्या पेट्रोलनं दोनदा विसळा. तळाला गंजाची भुकटी असेल तर चिमूटभर बारीक स्वच्छ खडी टाकून हलवायची जुनी युक्ती आहे, पण खडीचा शेवटचा खडा निघाल्याची खात्री हवी. टाकीच्या टोपीत हवा जायला एक बारीक भोक असतं, ते साफ करा. ते बुजलं की मशीन दहा मिनिटं छान चालतं, मग घुसमटून बंद पडतं, टोपी उघडली की परत सुरू होतं. या एका भोकापायी लोकांनी नवे कार्बोरेटर घेतलेले मी पाहिलेत. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

करंट येतो का

प्लग पान्यानं प्लग काढा. तो आधीच पुष्कळ सांगतो. टोक विटकरी-गव्हाळ असेल तर उत्तम. काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर बुजलाय. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही. अगदी पांढराफटक असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन तापतंय.

प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर अशा बहुतेक फोर स्ट्रोक इंजिनांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतं. फिलर गेज, म्हणजे अंतर मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा घ्या, स्वस्त असतो आणि जन्मभर पुरतो. नसेलच तर नवा प्लग टाका. शे-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी जुन्या प्लगला पॉलिश पेपरनं घासत बसण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

तपासताना प्लगच्या भोकात फडकं कोंबा, म्हणजे आतली वाफ बाहेर येऊन पेटणार नाही. प्लग टोपीत बसवा, त्याची धातूची बाजू इंजिनाच्या लोखंडाला टेकवून इन्सुलेशनच्या पकडीनं धरा आणि दुसऱ्याला दोरी ओढायला सांगा. सावलीत निळी ठिणगी तडतडली पाहिजे.

इथे मी स्वतःचा मूर्खपणा सांगतो. वीस वेळा दोरी ओढली, ठिणगी नाही. जिभाऊ ओट्यावरून शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "तो दांडा नाही दाबायचा का?" मोव्हरच्या मुठीला एक आडवा दांडा असतो. तो दाबून धरलेला नसेल तर करंट मुद्दाम बंद राहतो. हात सुटला की पातं थांबावं म्हणून ती सोय. तपासणीपुरता दांडा मुठीला बांधला आणि पहिल्याच ओढीला ठिणगी आली.

दांडा दाबूनही ठिणगी नसेल तर कॉइलला, म्हणजे ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या भागाला, आलेली बारीक बंद करायची वायर फक्त तपासणीपुरती काढा. आता ठिणगी आली तर दोष वायरीत किंवा स्विचमध्ये आहे, कॉइल ठीक आहे. वायर काढलेल्या अवस्थेत इंजिन सुरू मात्र करू नका, ते दांड्यानं बंद होणार नाही. वायर काढूनही ठिणगी नसेल तर कॉइल आणि इंजिनाच्या वरच्या फिरत्या चाकावरचं लोहचुंबक यांवरचा गंज पॉलिश पेपरनं काढा. दोघांत लग्नपत्रिकेसारख्या जाड कागदाच्या, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकं अंतर ठेवून कॉइल बसवा.

आणखी एक सोपी परीक्षा. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दोरी ओढली तर हवेनं अंगठा उडवला पाहिजे. याला मेकॅनिक कॉम्प्रेशन म्हणतात. अंगठा जागचा हलला नाही तर वॉल्व्ह अडकलाय किंवा रिंगा गेल्यात. तेल सोडून, एक रात्र ठेवूनही फरक पडला नाही तर तिथे नवख्यानं थांबावं आणि मशीन मेकॅनिककडे न्यावं.

कार्बोरेटर

जिभाऊंच्या मशिनात करंट होता, कॉम्प्रेशन होतं. उरलं पेट्रोल. एअर फिल्टरची डबी काढून आत कार्बोरेटर क्लिनरचा दोन सेकंद फवारा मारला आणि दोरी ओढली. फटफट झालं आणि मेलं. याचा अर्थ इंजिन पेटायला तयार आहे, त्याला पेट्रोल पोचत नाही. असं मला वाटलं.

कार्बोरेटर खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. कोणती स्प्रिंग कुठल्या भोकात आहे, हे दोन तासांनी देवालाही आठवत नाही. खाली स्टीलची परात ठेवा, सुटलेला स्क्रू परातीत वाजतो, गवतात वाजत नाही.

खालची वाटी बहुधा एकाच १० नंबरच्या बोल्टनं असते. पेट्रोल कॉक बंद करून ती काढा. आत तरंगणारा फ्लोट, त्याच्या पिनेला लटकलेली छोटी निडल, आणि मधल्या खांबात पितळी जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा स्क्रू. जेटला बरोबर बसेल असाच पेचकस वापरा, कारण पितळ मऊ असतं, खाच एकदा झिजली की जेट तिथेच राहिला. जेट काढल्यावर त्याच्या वरची भोकाभोकांची नळी सोडून घ्या. भोकं उजेडात धरून बघा. जिभाऊंच्या जेटमधून आकाश दिसत नव्हतं.

जेट कधी टाचणीनं किंवा स्टीलच्या तारेनं कोरू नका, भोक मोठं झालं की इंजिन कायमचं पेट्रोल पितं. वायरमधली तांब्याची एक तार काढून तिनं हलकेच साफ करा. पितळी भाग कार्बोरेटर क्लिनरमध्ये अर्धा तास भिजवा, रबरी भाग त्यात टाकू नका. मग सगळी भोकं हवेनं झाडा. घरी कंप्रेसर नसतो. मी कार्बोरेटरचे भाग डब्यात घालून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो, त्यानं चहाच्या बोलीवर हवा मारून दिली. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

निडलच्या रबरी टोकावर गोल चरा पडलेला दिसला तर ती बदला, नाहीतर पेट्रोल थांबणार नाही आणि ते तेलात जाईल. वाटीचं रबर फुगलं असेल तर नवं टाका. आणि इंजिनाच्या वेगाशी जोडलेली गव्हर्नरची बारीक स्प्रिंग आहे, तिला वाकवायचा, ताणायचा मोह टाळा. तिच्याशी खेळून इंजिन जास्त फिरवलं तर पातं तुटून उडू शकतं.

फोमचा एअर फिल्टर कपड्यांच्या साबणानं धुऊन, सावलीत वाळवून, इंजिन ऑइलचे थोडे थेंब टाकून पिळून बसवायचा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, फक्त झटकायचा. आपल्याकडे मार्च ते जून धूळ इतकी की फिल्टर न बघणारा माणूस इंजिनाच्या रिंगा स्वतःच्या हातानं घासतोय असं समजा.

जिभाऊंनी सांगितलं नव्हतं ते

सगळं जोडलं, ताजं पेट्रोल टाकलं, चोक लावला. दोरी आधी अडेपर्यंत हळू ओढून मग झटक्यानं ओढली. इंजिन खोकलं आणि दोरी हातातून उलटी ओढली गेली, बोटं बधिर झाली. पुन्हा तेच. पुन्हा एकदा कार्बोरेटर खोलला, पुन्हा जोडला. अर्धा दिवस यातच गेला.

पेट्रोल आहे, करंट आहे, कॉम्प्रेशन आहे, तरी इंजिन खोकतं आणि दोरी उलटी मारतं, तर करंट चुकीच्या क्षणी पडतोय. वरचं चुंबकाचं चाक शाफ्टवर एका छोट्या चावीनं बसवलेलं असतं. पातं दगडावर आपटून एकदम थांबतं तेव्हा जड चाक मात्र पुढे जाऊ पाहतं, आणि मधली मऊ चावी अर्धवट कापली जाते. चाक तीन-चार अंश जरी सरकलं तरी सगळं वेळापत्रक बिघडतं.

मी जिभाऊंकडे बघितलं. "जिभाऊ, हे कशावर आपटलं होतं का?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग, "ते काय... बोरच्या पाइपले जराखं लागनं व्हतं. पोऱ्याले सांगू नको."

मधला नट काढायला चाक धरून ठेवायचा पट्टा लागतो, आणि चाक उचलायला पुलर. चाकाच्या पात्यांवर किंवा चुंबकावर हातोडा मारू नका, पात्या तुटतात. पुलर नसेल तर हे एक काम मेकॅनिककडून करून घ्या, दहा मिनिटांचं आहे. आमची चावी मधोमध कातरलेली निघाली. दुकानात चावी तशाच मापाची आणि तशाच मऊ धातूची मागा. खिळा कापून किंवा कडक लोखंडाची चावी बसवणारे असतात. पुढच्या दगडाला मग चावीऐवजी शाफ्ट जाते.

आपटलेल्या मशिनाची शाफ्टसुद्धा तपासावी लागते. प्लग काढून ठेवा, मशीन आडवं करा, एकानं दोरी हळू ओढावी आणि दुसऱ्यानं लांबून पात्याच्या मधल्या बोल्टकडे बघावं. बोल्टचा मध्य जागच्या जागी फिरला पाहिजे. तो गोल डुलत असेल तर शाफ्ट वाकलीय, आणि असं मशीन दुरुस्त झाल्याशिवाय वापरायचं नाही. जिभाऊंचं नशीब चांगलं, शाफ्ट सरळ होती.

नवी चावी, नट घट्ट. दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. आधी पांढरा धूर, मग निळसर, मग नाहीसा. पाच मिनिटं चालवून बंद केलं आणि तेल गरम असतानाच काढलं, कारण गरम तेलाबरोबर तळाचा गाळही येतो. नवं तेल पुस्तिकेत दिलेलंच टाका, बहुतेक ठिकाणी १०डब्ल्यू-३० किंवा एसएई ३० असतं, साधारण अर्धा ते पाऊण लिटर. खुणेपर्यंतच, जास्त नाही. काढलेलं तेल बाटलीत भरून गॅरेजला द्या.

पातं आणि गवत

पातं काढताना कोणती बाजू जमिनीकडे होती ते मार्करनं लिहून ठेवा. उलटं बसवलं तर ते गवत कापत नाही, फक्त झोडपतं. फिरू नये म्हणून पात्याच्या आणि कडेच्या मधे लाकडाचा ठोकळा अडकवा. धार कानशीनं, मूळ उतार असेल त्याच कोनात, आतून बाहेर एकाच दिशेनं. वस्तऱ्यासारखी धार नको, ती पहिल्याच खड्यावर मोडते. विळ्याइतकी पुरे. मग भिंतीत खिळा ठोकून पातं मधल्या भोकातून लटकवा. एक बाजू खाली गेली तर ती जड आहे, तिकडून थोडं आणखी घासा. तोल नसलेलं पातं इंजिनाचे बेअरिंग खातं आणि हातांना मुंग्या आणतं.

गुडघाभर गवतात मोव्हर घालू नका, कितीही मोह झाला तरी. आधी विळ्यानं किंवा ब्रश कटरनं घोट्यापर्यंत आणा, दगड, तारा, पोरांच्या गोट्या वेचा, मगच मोव्हर सगळ्यात उंच खाचेवर. नंतर दर वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. ओलं गवत पात्याखाली चिकटतं, आपल्या काळ्या मातीसोबत तर त्याचा सिमेंटसारखा थर होतो. काम झालं की प्लगची टोपी काढून लाकडी पट्टीनं तो खरवडा. गाडी धुवायच्या जोरदार पाण्यानं इंजिन धुऊ नका.

कानबाईच्या दोन दिवस आधी अंगण कापून झालं. भाऊबंद आले, रोट झाले, मशिनाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत

आपल्याकडे मोव्हरचं काम जून ते ऑक्टोबर. दिवाळीनंतर ते ठेवताना टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मग प्लग काढून चमचाभर तेल सोडा, दोरी दोनदा ओढा, प्लग लावा. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं बांधा, माश्यांसाठी, आणि सुरू करताना काढायचं म्हणून त्याला लाल चिंधी लावा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, ४२-४३ अंशांत, पत्र्याच्या शेडमध्ये पेट्रोलचा कॅन अजिबात ठेवू नका. लागेल तेव्हा लिटरभर आणा.

नव्या इंजिनाचं पहिलं तेल मशिनाप्रमाणे पाच ते वीस तासांनी बदलतात, नंतर पन्नास ते शंभर तासांनी, किंवा वापर कमी असला तरी वर्षातून एकदा. तासांचा हिशेब कोणी ठेवत नाही. मी जिभाऊंच्या मशिनावर पांढऱ्या पेंटनं तेल बदलल्याची तारीख लिहून ठेवली आहे.

ब्रश कटर जवळ असेल तर एक गोष्ट वेगळी. केळीच्या बागांतून आता घरोघर दिसणारे बरेच ब्रश कटर टू स्ट्रोक असतात. त्यांना वेगळं तेल भरायला जागाच नसते, तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर टूटी (टू स्ट्रोकचं) ऑइल, ४०:१ म्हणजे २५, २५:१ म्हणजे ४०. आकडा मशिनाच्या टाकीवर किंवा पुस्तिकेत असतो, तोच धरा. मोजायला औषधाची सिरिंज उत्तम, अंदाजपंचे टोपण नको. माझ्या एका भाच्यानं घाईत साधं पेट्रोल भरलं. बांधावरची कापणी सुरू झाली न झाली तोच पिस्टन सिलिंडरला चिकटला आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून भाचा महिनाभर माझ्याकडे आला नाही. मिश्रणाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि ती पाण्याच्या बाटलीसारखी दिसणार नाही अशी ठेवा.

कपाशीवर फवारायचा बॅटरी पंप वर्षभर सगळ्यांच्या कोपऱ्यात पडून असतो. त्यात १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी असेल तर हंगाम संपल्यावर ती पूर्ण चार्ज करूनच ठेवा आणि महिन्यातून एकदा परत चार्ज करा. उतरलेली ठेवली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो, आणि पुढच्या जूनमध्ये चार्जरचा दिवा हिरवा दिसला तरी पंप दोन सरींवर दम तोडतो. टाकीत तीनदा स्वच्छ पाणी घालून नळीतून, नोझलमधून सोडा, ते पाणी शेतातच फवारा, विहिरीजवळ नाही. नोझल तोंडानं फुंकून साफ करू नका. जुना टूथब्रश घ्या, आणि तो रंगवून वेगळा ठेवा, म्हणजे घरात कोणी चुकून उचलणार नाही.